१९१७ ची अमेरिका आणि आमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप

(पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा.)

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर ते चार दिवस चालू होते. रात्री साडेअकराला आमच्या गावच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला. बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, तिथल्या पोरानं स्टेटस ठेवलं होतं. दोनच शब्द. ‘युद्ध नको.’

सकाळी दहाला दुकानासमोर चाळीस-पन्नास जण. पोराचा बाप हात जोडून उभा. पोरानं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर माफी मागितली, तो व्हिडिओ त्याच ग्रुपवर आला आणि खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग लागली. दुकान आठ दिवस बंद होतं.

पोराचं नाव-आडनाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुमचं मत लगेच तयार होईल.

मी त्या ग्रुपमध्ये आहे. वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. स्क्रीनशॉट पडला तेव्हा जागा होतो. काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमीही केली नाही. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी दबाव टाकला नव्हता. मीच स्वतःला म्हणालो, ‘आत्ता नको, वातावरण तापलंय.’

त्याच महिन्यात जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी ‘मैसूर पाक’चं ‘मैसूर श्री’ केल्याची बातमी आली. साखरेच्या पाकाचा पाकिस्तानशी काय संबंध, म्हणून आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. हसता हसता मला डिप्लोमाच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव बदलून ‘लिबर्टी कॅबेज’ केलं होतं, म्हणजे स्वातंत्र्य-कोबी. तेव्हा परीक्षेपुरतं लिहून विसरून गेलो होतो. या वेळी मात्र खोलात जाऊन वाचलं. जे वाचलं ते कोबीवर थांबणारं नव्हतं.

आपण युद्धाचा इतिहास वाचतो तो लढायांचा, सेनापतींचा, तहांचा. हजारो मैलांवरच्या युद्धात उतरलेला देश घरात कसा बदलतो, तिथल्या शाळेत, पोस्टात, बँकेत, शेजारच्या ओट्यावर काय होतं, हे सहसा धड्यात येत नाही. म्हणून ही पोस्ट.

*

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. युरोपात १९१४ पासून युद्ध चालू होतं. अमेरिका बाहेर होती. नोव्हेंबर १९१६ मध्ये वुड्रो विल्सन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, ते त्यांनी देशाला युद्धाबाहेर ठेवलं या प्रचारावर. पाचच महिन्यांत, २ एप्रिल १९१७ ला, तेच विल्सन संसदेपुढं युद्धाची मागणी घेऊन उभे राहिले.

कारणं खरी होती, हे आधीच सांगतो. जर्मनीनं पाणबुड्यांना दिसेल ते जहाज बुडवायची मोकळीक दिली होती. अमेरिकेविरुद्ध उतरलात तर तुमचा गेलेला मुलूख परत मिळवून देऊ, असं आमिष मेक्सिकोला दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्र्यांची तार उघड झाली होती. त्याआधी, जुलै १९१६ मध्ये, न्यूयॉर्क बंदरातला दारूगोळ्याचा मोठा साठा जर्मन हस्तकांनी उडवला होता. म्हणजे भीती हवेतली नव्हती. ६ एप्रिलला कनिष्ठ सभागृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव मंजूर झाला. विरोधातल्या ५० मध्ये जेनेट रँकिन होत्या. अमेरिकी संसदेत निवडून आलेली ती पहिली बाई.

आता अडचण बघा. देश युद्धात उतरला, पण लोकांचं काय? पाच महिन्यांपूर्वी ज्यांनी ‘युद्ध नको’वर मत दिलं, त्यांनाच आता पोरं, पैसा आणि पाठिंबा मागायचा होता. त्यात जर्मनीत जन्मलेले २५ लाखांच्या आसपास लोक तिथं राहत होते, त्यांची पोरंबाळं वेगळी. आयरिश लोकांना इंग्लंडच्या बाजूनं लढायचं नव्हतं. समाजवादी पक्ष उघड विरोधात होता.

मग सरकारनं पहिल्या आठवड्यात काय केलं? १३ एप्रिलला लोकमाहिती समिती स्थापन केली आणि तिच्या प्रमुखपदी एक पत्रकार बसवला. जॉर्ज क्रील. आमच्याच धंद्यातला माणूस.

*

क्रीलचं डोकं मात्र मानायला हवं. रेडिओ घरोघरी नव्हता, टीव्ही तर लांबची गोष्ट. पण गावोगावी सिनेमा होता. रीळ बदलायला चारेक मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात गावातलाच एखादा वकील, शिक्षक, दुकानदार पडद्यासमोर उभा राहायचा आणि युद्धावर चार मिनिटं बोलायचा. विषय वॉशिंग्टनहून ठरून यायचा, बोलणारा मात्र ओळखीचा. असे सुमारे ७५ हजार वक्ते देशभर उभे राहिले. सरकारचं म्हणणं सरकारी माणसाच्या तोंडून आलं की लोक जांभई देतात. तेच आपल्या डॉक्टरसाहेबांच्या तोंडून आलं की पटतं. आज आपण ज्याला फॉरवर्ड म्हणतो, त्याचा हा आजोबाच.

सैन्यभरतीतही तीच युक्ती. युद्धापूर्वी अमेरिकेचं खडं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होतं. मे १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि ५ जूनला एकाच दिवसात जवळपास एक कोटी तरुणांनी नावं नोंदवली. कोण जाणार आणि कुणाला सूट, हे ठरवायला साडेचार हजारांहून जास्त स्थानिक मंडळं नेमली. त्यात बसलेली माणसं गावातलीच. म्हणजे तुमच्या पोराला फ्रान्सला पाठवण्याच्या कागदावर सही कुणाची? तुम्ही ज्याला रोज रामराम घालता त्याची.

पैशाचंही तसंच. वरच्या पायरीवरचा आयकर १५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांपर्यंत गेला. सरकारी कर्ज सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होतं, ते १९१९ पर्यंत पंचवीस अब्जांच्या वर गेलं. त्यातला मोठा भाग लोकांना ‘लिबर्टी लोन’चे रोखे विकून उभा केला. कागदावर खरेदी ऐच्छिक होती. पण गावाला कोटा ठरलेला असायचा, घरटी नोंद व्हायची आणि समिती दारात यायची. ज्यानं घेतले नाहीत त्याच्या दारावर पिवळा रंग फासल्याची उदाहरणं आहेत. पिवळा म्हणजे भेकड. कुठल्याही युद्धात भाग घेणं धर्माविरुद्ध मानणाऱ्या मेनोनाइट शेतकऱ्यांच्या वाट्याला हे फार आलं.

हे वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरकारनं प्रत्येक काम शेजाऱ्याच्या हातात दिलं होतं. पोलीस कमी पडले असते, शेजारी कमी पडत नाही. तुम्ही कुणाकडं जाता, कुठली भाषा बोलता, कुठलं वर्तमानपत्र घेता, हे त्याला आधीच माहीत असतं.

पुढं तर त्याची संघटनाच झाली. ‘अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग’ नावाची स्वयंसेवकांची फौज, न्याय खात्याच्या आशीर्वादानं. अडीच लाख सभासद. खिशात बिल्ला. काम काय, तर देशद्रोही हुडकणं. कोण रोखे घेत नाही, कोण जेवताना काय बोललं, कुणाचं पोर भरतीतून पळालं, याच्या चिठ्ठ्या वर पाठवणं.

*

आता आमच्या धंद्याचं. जून १९१७ मध्ये ‘एस्पिओनाज ॲक्ट’ आला. नाव हेरगिरीचं, पण कलमं अशी की सैन्यभरतीत अडथळा येईल असं बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यालाही २० वर्षांपर्यंत शिक्षा. पुढच्या वर्षी त्यात दुरुस्ती करून सरकार, राज्यघटना, झेंडा, सैनिकी गणवेश यांच्याबद्दल अवमानकारक बोलणंही गुन्हा ठरवलं. दोन्ही मिळून दोन हजारांवर लोकांवर खटले झाले, हजाराच्या आसपास दोषी ठरले.

पण छोट्या वर्तमानपत्रांना तुरुंगापेक्षा पोस्ट भारी पडलं. तिथली पत्रं स्वस्त टपालदरावर जगायची. पोस्टखात्याचे प्रमुख ॲल्बर्ट बर्लसन यांच्याकडं अंक अडवायचा अधिकार आला. ‘द मासेस’ नावाच्या मासिकाचा ऑगस्टचा अंक टपालातून जाऊ दिला नाही. पुढचे अंक मग वेगळ्याच कारणानं अडवले : सलग अंक निघत नाहीत, म्हणजे हे नियतकालिकच नव्हे! आधी गळा दाबायचा, मग म्हणायचं हा श्वास घेत नाही.

परदेशी भाषेतल्या पत्रांसाठी ऑक्टोबर १९१७ पासून नवा नियम आला. सरकार किंवा युद्धाबद्दल जे छापाल त्याचं इंग्रजी भाषांतर शपथेवर स्थानिक पोस्टमास्तरकडं जमा करा. चार पानी साप्ताहिक चालवणाऱ्याला हे झेपणार कसं? मी स्वतः एका साप्ताहिकात काम केलंय, जिथं संपादक, वार्ताहर आणि गठ्ठे बांधणारा एकच माणूस असतो. अशा माणसानं काय केलं असेल ते मी डोळे मिटून सांगतो. युद्धाबद्दल लिहायचंच बंद केलं असेल, नाहीतर अंकच बंद केला असेल. १९१० ते १९२० या दहा वर्षांत अमेरिकेतल्या जर्मन नियतकालिकांची संख्या निम्म्याहून खाली आली.

सिनेमाही सुटला नाही. रॉबर्ट गोल्डस्टीन नावाच्या निर्मात्यानं ‘द स्पिरिट ऑफ ७६’ हा मूकपट काढला होता. विषय अमेरिकेचा स्वतःचा स्वातंत्र्यलढा. त्यात इंग्रज सैनिक अत्याचार करताना दाखवले होते. अडचण एवढीच की इंग्लंड आता दोस्त होतं. गोल्डस्टीनला दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढं ती कमी केली गेली, पण माणूस संपला तो संपलाच. स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यावर सिनेमा काढला म्हणून देशविरोधी! दोनदा वाचलं, तेव्हा विश्वास बसला.

*

नावं बदलण्यापासून सुरुवात झाली होती, तेव्हा बहुतेक सगळे हसलेच असतील. कोबी झाला, मग हॅम्बर्गरचं ‘लिबर्टी सँडविच’ झालं, जर्मन गोवराचाही ‘लिबर्टी गोवर’ झाला. आयोवातल्या बर्लिन गावाचं लिंकन झालं.

मग भाषेवर आलं. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरनं फर्मान काढलं : शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा फक्त इंग्रजी बोलायचं. आयुष्यभर डॅनिश किंवा जर्मन भाषेत प्रार्थना केलेली म्हातारी माणसं एका सकाळी देवासमोर मुकी झाली. १९१५ मध्ये अमेरिकी हायस्कुलांतली जवळपास चौथा हिस्सा मुलं जर्मन शिकत होती. १९२२ मध्ये शंभरात एकही नाही. ज्या भाषेनं दोनशे वर्षं तिथं शेती केली, कारखाने काढले, गाणी म्हटली, ती सात वर्षांत शाळेतून गेली. परत त्या जागी कधीच आली नाही.

आणि मग ५ एप्रिल १९१८ ची रात्र. इलिनॉय राज्यातलं कॉलिन्सव्हिल, कोळसा खाणींचं छोटं गाव. तिथं रॉबर्ट प्रेगर नावाचा तीस वर्षांचा माणूस राहायचा. जन्म जर्मनीतला. खाणीत काम शोधत होता. अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी त्यानं अर्ज केला होता. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेच्या आरमारात भरती व्हायला गेला होता, एक डोळा काचेचा म्हणून नाकारला गेला. म्हणजे ज्या देशासाठी लढायची त्याची तयारी होती, तो हाच.

खाण कामगारांच्या युनियनशी त्याचं वाजलं. हा समाजवादी आहे, जर्मनांचा हेर आहे, अशी कुजबुज झाली. पुरावा काही नाही. जमावानं त्याला घरातून काढलं, अनवाणी रस्त्यावरून फिरवलं, अंगावर झेंडा गुंडाळला, झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. पोलिसांनी सोडवून नगर कार्यालयात लपवलं, जमावानं तिथूनही शोधून काढलं. गावाबाहेर नेलं. मरण्यापूर्वी त्याला आईवडिलांना चिठ्ठी लिहू दिली. मग झाडाला लटकवलं.

अकरा जणांवर खटला चालला. ज्युरींनी तासाभराच्या आत सगळ्यांना निर्दोष सोडलं.

राजधानीतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा त्या वेळचा सूर असा होता की असे अतिरेक होतात खरे, पण देशाच्या आतल्या भागात ही जी जाग आली आहे ती निरोगीच आहे. जुलै महिन्यात विल्सन यांनी जमावाच्या हिंसेचा निषेध करणारं निवेदन काढलं. तोवर प्रेगर जाऊन पावणेचार महिने झाले होते.

कॉलिन्सव्हिलच्या त्या जमावातली माणसं सैतान नव्हती. खाणीत घाम गाळणारी, रविवारी चर्चला जाणारी माणसं. सिनेमाच्या मध्यंतरात चार मिनिटं ऐकलेली, भिंतीवरची पोस्टरं पाहिलेली. त्यांना कुणी ‘जाऊन मारा’ असा हुकूम दिला नव्हता. पण गप्प बसला तर तुझ्यावरही संशय येईल, एवढं वर्षभर रोज कानावर पडत होतं. निष्ठा सिद्ध करायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे दुसऱ्याची निष्ठा तपासणं. त्यात स्वतःचं काही जात नाही.

*

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट एकांगी होईल.

युद्धानं अमेरिकेत काही बंद दारं उघडली. पुरुष सैन्यात गेले, बायका कारखान्यात, रेल्वेत, कचेऱ्यांत आल्या. १९१७ मध्ये मताधिकाराचे फलक घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकलं होतं, उपोषण करणाऱ्यांना नळीनं जबरदस्तीनं अन्न घातलं होतं. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याच विल्सन यांनी संसदेत येऊन सांगितलं की बायकांना मत देणं युद्ध जिंकण्यासाठी गरजेचं आहे. १९२० मध्ये घटनादुरुस्ती झाली. नुसत्या युद्धामुळं नाही, त्यामागं सत्तर वर्षांची चळवळ होती. पण शेवटचा धक्का युद्धानं दिला.

युरोपातून येणारे मजूर थांबले म्हणून उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं हवी होती. त्या काळात दक्षिणेतले पाचेक लाख काळे लोक उत्तरेला गेले, पहिल्यांदा रोख मजुरी हातात घेतली. पण याच काळात, जुलै १९१७ मध्ये, ईस्ट सेंट लुइसच्या दंगलीत गोऱ्या जमावानं त्यांच्या वस्त्या जाळल्या. सरकारी आकड्यानुसारच ३९ काळे माणसं मेली. फ्रान्समध्ये लढून आलेल्या काळ्या सैनिकांना १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोसह कितीतरी शहरांत पुन्हा तेच पाहावं लागलं. जगात लोकशाही सुरक्षित करायला निघालेल्या देशात, परत आल्यावर गणवेश घालून फिरणंही त्यांना धोक्याचं होतं.

आणि एक धडा सगळ्यांनाच महाग पडला. १९१८ च्या तापाची साथ. आपल्याकडं जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. २८ सप्टेंबर १९१८ ला फिलाडेल्फियात लिबर्टी लोनची मिरवणूक ठरली होती. शहरात साथ शिरली होती, डॉक्टर सांगत होते रद्द करा. पण रोख्यांचा कोटा पूर्ण व्हायचा होता आणि घबराट पसरवणं म्हणजे मनोधैर्य खचवणं. मिरवणूक झाली. दोन लाख लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांत इस्पितळं भरली. सहा आठवड्यांत शहरात सुमारे १२ हजार माणसं गेली.

त्या तापाला ‘स्पॅनिश फ्लू’ का म्हणतात माहितीय? तो स्पेनमध्ये सुरू झाला म्हणून नाही. स्पेन युद्धात नव्हता, तिथली वर्तमानपत्रं तापाच्या बातम्या मोकळेपणी छापत होती. लढणाऱ्या देशांतली पत्रं गप्प होती. ज्यानं खरं सांगितलं त्याच्याच नावानं रोग ओळखला गेला.

अमेरिकेचे या युद्धात सुमारे १ लाख १६ हजार सैनिक गेले, त्यातले निम्म्याहून जास्त रोगानं. साथीत गेलेले एकूण अमेरिकी पावणेसात लाखांच्या आसपास. ‘आत्ता नको, वातावरण तापलंय’ असं म्हणणारे संपादक तेव्हाही होते, एवढंच सांगतो.

*

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं. अमेरिका त्यात फक्त १९ महिने होती. मग सगळं पूर्ववत झालं का?

काही झालं. सरकारनं ताब्यात घेतलेली रेल्वे १९२० मध्ये कंपन्यांना परत मिळाली. गव्हाशिवायचे बुधवार संपले. क्रीलची समिती गुंडाळली गेली.

पण नेब्रास्का राज्यानं लहान मुलांना परदेशी भाषा शिकवण्यावर बंदी घातली ती १९१९ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून एका शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९२३ मध्ये जिंकला. तोवर वर्ग रिकामे झाले होते. जर्मन गेले, तर शत्रू म्हणून कम्युनिस्ट आणि स्थलांतरित आले. १९१९-२० च्या हिवाळ्यात देशभर धाडी पडल्या, हजारो लोक वॉरंटशिवाय उचलले गेले. यंत्रणा उभी होती, फक्त निशाणा बदलला.

यूजीन डेब्ज या समाजवादी नेत्यानं जून १९१८ मध्ये युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. शिक्षा दहा वर्षं. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यानं तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मतं घेतली. विल्सन यांनी त्याला शेवटपर्यंत माफी दिली नाही. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी १९२१ च्या नाताळात सोडलं. १९१८ ची ती दुरुस्ती तीन वर्षांच्या आत रद्द झाली. १९१७ चा मूळ कायदा मात्र आजही जिवंत आहे. एल्सबर्ग, स्नोडेन, असांज यांच्यावरचे आरोप त्याच कायद्याखालचे.

आपलाही या गोष्टीशी धागा आहे. अमेरिकेतल्या गदर चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे १९१४ मध्ये भारतात परतले, पुढच्या वर्षी लाहोरला फासावर गेले. अमेरिका तटस्थ होती तोवर गदरवाल्यांना तिथं बऱ्यापैकी मोकळीक होती. ती इंग्लंडची दोस्त झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यावर मोठा खटला उभा राहिला, एप्रिल १९१८ पर्यंत चालला आणि शिक्षा झाल्या.

आणि इकडं इंग्रजांनी काय केलं? १९१५ मध्ये युद्धापुरता म्हणून भारत संरक्षण कायदा आणला. युद्ध संपलं, तसं त्यातले विनाचौकशी अटकेचे अधिकार चालू ठेवायला मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा केला. पुढच्याच महिन्यात जालियनवाला बाग झाली. आपल्या पोरांनी फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात रक्त सांडलं, त्याची पोचपावती ही.

*

मला यातून काय कळलं? मी युद्ध करावं की करू नये यावर बोलत नाही. तो अधिकार नाही आणि तेवढी अक्कलही नाही. कधी कधी देशाला लढावं लागतं. पण लढताना घरात जे काढून देतो ते परत घ्यायची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. सैनिक परततात. कायदे परतत नाहीत. आणि शेजाऱ्याच्या मनात एकदा बसलेला संशय तर तहाच्या कुठल्याच कलमात येत नाही.

माझा मावसभाऊ फौजेत आहे. मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत मावशीनं अन्नाला हात लावला नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा देवघरासमोर बसली होती. हात जोडून म्हणत होती, ‘युद्ध नको रे बाबा.’ शब्द तेच, जे त्या पोराच्या स्टेटसवर होते. मावशीचा कुणी स्क्रीनशॉट काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्या पोराच्या दुकानात गेलो. मोबाइलची काच फुटली होती, बदलायची होती. त्यानं ओळखलं. काच बसवता बसवता खाली मान घालून म्हणाला, ‘काका, तुम्ही पेपरवाले ना? त्या दिवशी ग्रुपवर होता तुम्ही.’

होतो, म्हटलं.

तो पुढं काही बोलला नाही. पैसे कमी घेत होता, मी पूर्ण दिले.

त्या दिवशी जी बातमी करायची होती ती ही. उशिरा देतोय. आता हीच पोस्ट त्या ग्रुपवरही टाकतोय. जे होईल ते होईल.

(शेअर करायची तर पूर्ण करा, मधला तुकडा कापून नको. कमेंटमध्ये माझ्याशी भांडा, हरकत नाही. पण ते पोर कोण हे शोधत बसू नका.)